उजेड कुठून येतो

पावसाळा लागला की भोर आणि वेल्ह्याकडे कॅमेरे निघतात आणि त्यांतले बहुतेक लांबवर रोखलेले असतात. ढगांत अर्धा बुडालेला राजगडचा बालेकिल्ला, तोरण्याच्या झुंजार माचीवर चढून येणारं धुकं, मढे घाटात कड्यावरून कोकणाकडे झेपावणारं पाणी, वरंध घाटातली वळणं. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, बोलण्यात अजून वेल्हंच चालतं.) या गर्दीत अलीकडे दुसरी एक मंडळी दिसू लागली आहे. रस्त्याकडेच्या दगडी भिंतीशी नाहीतर ओढ्याकाठच्या धोंड्याशी नाक लावून बसणारी. मॉस, त्याच्या नात्यातली लिव्हरवर्ट, बोटाच्या पेराएवढे नेचे, कातळावरच्या ओलीतली नखाएवढी फुलं हे त्यांचे विषय. मोबाइलमध्ये मॅक्रो आल्यापासून त्यांची संख्याही वाढली. त्यांच्यातला एक पंथ फ्लॅश मारत नाही, दिवा लावत नाही, जागेवर असेल तेवढ्या उजेडावर भागवतो. बाकीच्यांना हे सोवळं वाटतं. माझा कौल सोवळ्यांच्या बाजूने आहे, मात्र ते स्वतः देतात त्या कारणासाठी नाही. नैसर्गिक उजेडात फोटो ‘खरा’ येतो हे त्यांचं कारण ढिलं आहे. कॅमेऱ्यातून आलेलं काहीच तितकं खरं नसतं. माझं कारण निराळं आहे. मॉस कुठे उगवेल, किती वाढेल आणि पाऊस सरल्यावर किती दिवस हिरवं राहील हे ज्या दोन-तीन गोष्टी ठरवतात त्यांत उजेड येतो. तो बदलून काढलेल्या फोटोत वनस्पती राहते, पण ती तिथे का आहे याचा माग उरत नाही.

आधी ही वनस्पती कशी जगते ते पाहू. आपण बोलताना सगळ्याच हिरव्या बुळबुळीला शेवाळ म्हणतो आणि व्यवहारात तेवढं पुरतं, पण तळ्यातलं शेवाळ वेगळं आणि भिंतीवरचं मखमलीसारखं मॉस वेगळं. जगात मॉसच्या सुमारे १२,००० जाती आहेत. त्यांना खरी मुळं नाहीत. दगडाला धरून ठेवण्यापुरते केसांसारखे तंतू असतात. पाणी वर चढवणाऱ्या नळ्या म्हणाव्यात अशा बहुतेकांना नाहीत. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं, फार तर मधली शीर जरा जाड. म्हणजे पाणी पिण्याचं काम सगळं अंगच करतं; पाऊस आला की भिजायचं, गेला की वाळायचं. वाळलं म्हणजे मेलं असं नाही. जगणं थांबवून ते पडून राहतं आणि पाणी मिळालं की थोड्या वेळात पुन्हा हिरवं दिसू लागतं. अंटार्क्टिकाजवळच्या साइनी बेटावर गोठलेल्या थरातून काढलेलं सुमारे १,५०० वर्षांपूर्वीचं मॉस पुन्हा वाढू लागल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. भोर-वेल्ह्यातल्या मॉसला एवढी परीक्षा द्यावी लागत नाही, पण मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत कोरडं पडून राहण्याची सवय त्यालाही असावीच लागते. एका पेशीच्या जाडीच्या पानाचा आणखी एक परिणाम आहे आणि फोटो काढणाऱ्याला तो सगळ्यात महत्त्वाचा. असं पान अडवतं त्यापेक्षा जास्त उजेड आरपार सोडतं. मागून किंवा वरून उजेड आला तर पानाच्या पेशी आतून उजळतात, कडा सोनेरी होतात, शीर गडद होते. समोरून आला तर तेच पान सपाट, मेणचट, रंगवलेल्या कागदासारखं दिसतं. आता कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश नेमका समोरूनच येतो, आणि पानं ओली असली की प्रत्येक थेंबावर एक पांढरा ठिपका उमटवून जातो.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. जवळून फोटो काढताना उजेडाची चणचण का भासते हे हिशेबाने सांगता येतं. वस्तू आहे तेवढीच सेन्सरवर उमटवायची, म्हणजे एकास एक मोठेपणा घ्यायचा, तर उजेड चौथाईवर येतो. दुप्पट मोठी करायची तर नवव्या हिश्श्यावर. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एफ-८ ला एकास एक घेतलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा, दुप्पट केलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पट्टा वाढवायला छिद्र लहान करावं तर उजेड आणखी घटतो. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, दाट पावसाळी ढगांखाली तो काही हजारांवर उतरतो आणि झाडीत शिरलं की त्यातलाही थोडासाच हिस्सा खाली पोचतो. मग शटर सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवावं लागतं. दोन सेकंद घाटमाथ्यावर, ऐन आषाढात, वनस्पती हलणार नाही हे कसं शक्य आहे? पण मॉसच्या बाबतीत ते बऱ्याचदा शक्य होतं, आणि तो योगायोग नाही. दगडाला लागून हवेचा एक पातळ थर असतो, त्यात वारा जवळजवळ पडलेला असतो. मॉसची गादी या थरातच राहते, कारण त्याबाहेर डोकं काढलं की पाणी झपाट्याने उडून जातं. मॉस ठेंगणं राहतं याचं एक कारण हेच. ज्या निवाऱ्यामुळे मॉस जगतं त्याच निवाऱ्यामुळे संथ शटर चालतं. याची उलट बाजूही तपासून पाहता येते: गादीतून वर उभी राहिलेली बोंडीची, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीची, दांडी त्या थराबाहेर गेलेली असते, कारण तिला बीजाणू वाऱ्यावर सोडायचे असतात. फोटोत गादी स्वच्छ आणि बोंडी पुसट आली, तर त्या पुसटपणातूनही काहीतरी कळतं.

उजेडाच्या दिशेबद्दल एक पाठ केलेलं वाक्य सर्रास ऐकू येतं: मॉस उत्तरेच्या अंगाला उगवतं. हे युरोपातून आलेलं आहे आणि तिथे ते बऱ्यापैकी खरं आहे, कारण तिथला दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. भोर-वेल्हे साधारण सव्वाअठरा अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्याजवळ आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मधल्या अडीच महिन्यांत तो चक्क उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे मृग, आर्द्रा, पुनर्वसू या नक्षत्रांत, मॉस जोमात फुटतं तेव्हा, उत्तरेच्या भिंतीला ऊन मिळायचंच झालं तर दक्षिणेच्या भिंतीपेक्षा जास्त मिळायला हवं. ढगांमुळे ते मिळत नाही, आणि ढगाळ आकाशातून उजेड सगळीकडून सारखाच येतो म्हणून त्या दिवसांत भिंतीची बाजू फारशी मोजावी लागत नाही. फरक पडतो तो नवरात्राच्या आगेमागे. ढग विरतात, सूर्य दक्षिणेकडे उतरलेला असतो आणि मग दक्षिणेची भिंत वाळू लागते, उत्तरेची ओल धरून राहते. राजगडासारखी जागा यासाठी तयार प्रयोगशाळा आहे. पद्मावती माची उत्तरेला, सुवेळा पूर्वेला, संजीवनी पश्चिमेकडे. एकाच डोंगराची, एकाच काळ्या दगडाची तटबंदी, पण तोंडं वेगवेगळ्या दिशांना. संजीवनी माचीला तर दुहेरी तट आहे. दोन भिंतींमधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत आकाश वर एका रेघेएवढं दिसतं, उजेड वरून येतो आणि खाली जाता जाता मंदावतो. तिथल्या मॉसचा फोटो त्याच उजेडात काढला तर पानं कुणीकडे वळली आहेत, गादी कुठे दाट आणि कुठे विरळ आहे आणि का, हे त्या एका चौकटीत वाचता येतं. फ्लॅश मारला की दोन भिंतींमधली ती जागा आणि पुण्यातल्या एखाद्या सोसायटीची मागची भिंत एकसारखी दिसू लागतात.

याचं टोकाचं उदाहरण सायाथोडियमचं आहे. सह्याद्रीत कपारींच्या आत, दरडींच्या पोटाशी, गुहांच्या तोंडाशी ओल्या मातीवर हे पातळ पापुद्र्यासारखं लिव्हरवर्ट वाढतं. जिथे दुसरी हिरवी वनस्पती टिकणार नाही इतक्या अंधारात ते असतं आणि ठराविक कोनातून पाहिलं तर पिवळट हिरवं चमकतं. काजव्यासारखा त्याचा स्वतःचा प्रकाश नाही. कपारीच्या तोंडातून आलेला क्षीण उजेड त्याच्या पातळ पेशींच्या थरातून फिरून परत येतो, म्हणून ज्या बाजूने उजेड येतो त्या बाजूने पाहणाऱ्यालाच ती चमक दिसते. जरा बाजूला सरकलं की मळकट हिरवा डाग. यात फ्लॅश वापरला तर सगळी कपारच उजळते, माती, दगड, मुळं सगळं सारखंच दिसतं, आणि ज्या एका गुणासाठी ही वनस्पती नोंदवायची तोच चित्रातून जातो.

फ्लॅशवाल्यांचं म्हणणं मात्र इतक्यात निकालात निघत नाही. ते म्हणतात, तुम्ही नागड्या फ्लॅशला नावं ठेवता. आम्ही त्यापुढे पांढरा पडदा धरतो, दोन बाजूंनी धरतो, हवं तर मागूनही उजेड देतो, आणि ढगाळ आकाशासारखाच मऊ उजेड तयार करतो. हे खरं आहे. किड्यामुंग्यांचे फोटो काढणाऱ्यांना दुसरा पर्यायही नसतो, मुंगी दोन सेकंद थांबत नाही. पण मॉस थांबतं. तिथे हा खटाटोप कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं ते सुबकपणाचं: काळी पार्श्वभूमी, उठून दिसणारं बोंड, झगझगीत हिरवा. मला वाटतं गोम इथेच आहे. ती काळी पार्श्वभूमी रात्रीची नसते. फ्लॅशचा उजेड मागे पोचत नाही म्हणून भर दुपारीही मागचं रान काळं पडतं. ज्याला फक्त बोंड दाखवायचं आहे त्याने ते खुशाल करावं आणि खाली तसं लिहावं. एका जागी तर मी स्वतः फ्लॅशच्या बाजूने बोलेन: कपारीत खोल असलेल्या वनस्पतीची रचना नोंदवायची असेल तर एक फोटो तिच्या उजेडातला आणि एक फ्लॅशचा, असे दोन्ही हवेत. दुसरा पहिल्याची जागा घेऊ लागला तर माझा आक्षेप आहे. गरम होणारा दिवा मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. फ्युनारियाचं उदाहरण घ्या. जळलेल्या जमिनीवर हे मॉस जगभर हटकून येतं, त्यामुळे राब भाजलेल्या तुकड्याच्या बांधालगतचा, औत न लागलेला कोपरा शोधायला हरकत नाही. त्याची लालसर दांडी काही सेंटीमीटरची, टोकाला मान वाकवलेली बोंडी, बोंडीवर आधी एक टोपी, टोपी गळाली की खाली झाकण, झाकण पडलं की तोंडाभोवती दातांची दोन वर्तुळं, प्रत्येकात १६. बाहेरचे दात पिळासारखे एका बाजूला वळलेले. हवा कोरडी झाली की ते हलतात, फटी पडतात आणि बीजाणू थोडे थोडे बाहेर येतात. दमट झाली की पुन्हा मिटतात. दांडीही वाळताना पिळा घेते. तोंड फार जवळ नेलं तर माणसाच्या श्वासाच्या वाफेनेही हे दात हालचाल करतात. तिथे दिव्याची धग म्हणजे ज्याची नोंद घ्यायची तेच बदलून टाकणं.

याहून वजनदार आक्षेप अभ्यासकांचा आहे. मॉसची जात फोटोवरून ओळखता येत नाही, निदान पुष्कळदा नाही. पानाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, पेशींचा आकार, कडेचे दात, बोंडीच्या तोंडाची रचना पाहावी लागते. मग तुमच्या उजेडाचं एवढं कौतुक कशाला? मी हा आक्षेप मान्य करतो आणि तोच माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मांडतो. मॉसचा अभ्यास नमुन्यांवर चालत आला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी एल. जे. सेजविक यांनी गोळा केलेले मॉस इंग्लंडमध्ये एच. एन. डिक्सन यांच्याकडे तपासायला गेले. पुढे खंडाळा आणि महाबळेश्वर इथल्या मॉसवर जी. टी. दाभाडे यांचं पुस्तक १९९८ मध्ये आलं. भोर-वेल्ह्याचा डोंगराळ पट्टा नेमका या दोन ठिकाणांच्या मध्ये पडतो. नमुन्याच्या कागदी पुडीत मॉस तपकिरी होऊन वर्षानुवर्षं राहतं आणि पाण्याचा थेंब टाकला की आकाराने पुन्हा उलगडतं, ही त्याची खुबीच आहे. पेशी पुडीत टिकतात, बोंडी टिकते, जात ठरते. पण ते ओढ्याच्या कोणत्या काठावर होतं, त्याच्यावर आकाश किती उघडं होतं, सकाळचं ऊन येत होतं की दिवसभर सावली, हे पुडीवरच्या दोन ओळींत मावत नाही आणि मॉस वाळल्यावर त्याच्या अंगावरून वाचताही येत नाही. इंग्लंडात पुडी उघडणाऱ्या माणसाला सह्याद्रीतला उजेड दिसणार कुठून? जातीचं काम सूक्ष्मदर्शकाने करावं. फोटोने जागेचं काम करावं, आणि ते करायचं तर जागेचा उजेड हातचा घालवून चालणार नाही.

आता कुणी म्हणेल, नैसर्गिक उजेडातही हे सगळं गमावता येतं. अगदी बरोबर, आणि त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. जर्मनीतल्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांचं वनस्पतींच्या मोठ्या केलेल्या फोटोंचं पुस्तक १९२८ मध्ये निघालं. नेच्यांचे गुंडाळलेले कोंब, देठ, कळ्या; सगळं दिवसाच्या मऊ उजेडात, मिनिटंच्या मिनिटं शटर उघडं ठेवून काढलेलं. पण प्रत्येक वनस्पती कापून आणलेली, साफसूफ केलेली, मागे सपाट कागद. त्यांना कारागिरीच्या विद्यार्थ्यांपुढे आकार ठेवायचे होते आणि त्या कामात त्यांचे फोटो आजही बिनतोड आहेत. तरी त्यांतून ती वनस्पती कुठे वाढली हे कळत नाही. तेव्हा माझा आग्रह नुसत्या सूर्यप्रकाशाचा नाही. मॉसचा तुकडा उचलून गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि ढगाळ उजेडात फोटो काढला तर तो माझ्या लेखी फ्लॅशइतकाच बाद. उजेड हवा तो त्या जागेचा. बाटलीने पाणी फवारून ‘दव’ पाडणाऱ्यांनाही मी यातच धरतो, कारण पाणी आणि उजेड या दोन गोष्टी मॉसच्या बाबतीत वेगळ्या करताच येत नाहीत.

शटर दोन सेकंद उघडं ठेवणं किंवा वेगवेगळ्या अंतरांवर घेतलेल्या वीस-तीस चौकटी संगणकावर जोडून एक फोटो करणं, हीसुद्धा लबाडीच नाही का? थोडी आहे. जोडलेल्या फोटोत गादीचा पुढचा काठ आणि मागचा काठ एकाच क्षणाचे नसतात, मध्ये ढग सरकलेला असू शकतो. पण यांतलं काहीही उजेडाची दिशा बदलत नाही. सावली जिथे होती तिथेच राहते, उजळ बाजू उजळ राहते. त्यापेक्षा कॅमेऱ्याचा आपोआप रंग सुधारण्याचा सोस जास्त घातक. दाट झाडीखालचा उजेड हिरवट असतो, कारण तो पानांतून गाळून येतो. कॅमेरा त्याला दोष समजतो, गुलाबीची भर घालून तो दुरुस्त करतो, आणि आंब्याखालच्या धोंड्यावरचं मॉस उघड्या कातळावरच्या मॉससारखं दिसायला लागतं. ही सोय बंद करणं हे फ्लॅश बंद करण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि तिच्याबद्दल सोवळी मंडळी क्वचितच बोलतात.

एक आक्षेप फोटोच्या कलेबाहेरचा आहे आणि तो मला सर्वांत टोचतो. जागेवर जाऊन काढायचं म्हणजे जागा तुडवायची. भाद्रपदात रायरेश्वरासारख्या पठारावर पाणी झिरपणाऱ्या कातळावर सीतेची आसवं फुलतात. निळसर जांभळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी फुलं, आणि खाली ओल्या मातीत सूक्ष्म फुगे, जे एका मिलिसेकंदाच्या आत उघडून पाण्यातले बारीक जीव आत ओढतात. त्यातलं एक फूल टिपायला माणूस पालथा पडतो तेव्हा त्याच्या कोपराखाली अशी शंभर असतात, आणि फुगे तर फोटोत येतच नाहीत. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर असं की मॉससाठी पठारावर जावंच लागत नाही. वरंध घाटाच्या रस्त्यालगतच्या भिंती, मोऱ्यांची तोंडं, नसरापूरच्या बनेश्वरातले ओलसर दगड, भोरमधल्या जुन्या वाड्यांच्या परसातल्या विहिरींचे काठ, भातखाचरांचे बांध इथे ते मुबलक आहे, उभं राहून किंवा उकिडवं बसून टिपता येतं आणि पायाखाली काही चिरडत नाही. पाऊस ओसरल्यावर त्याच बांधांवरच्या चिखलात रिक्सिया या लिव्हरवर्टच्या दोन-दोन फाट्यांनी पसरत गेलेल्या चकत्या येतात, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. त्यांच्या बीजाणूंच्या पिशव्या अंगातच बुडालेल्या असतात आणि चकती कुजली की मोकळ्या होतात, म्हणून तिचा फोटो एकदा हिरवी असताना आणि एकदा विरत असताना काढावा लागतो.

आणि ज्याला हे म्हणणं पटलं असेल त्याने एप्रिलमध्येही यावं. आत्तापर्यंत नैसर्गिक उजेड म्हणजे ढगांचा मऊ उजेड असंच आपण धरून चाललो, पण वर्षातले निदान सहा महिने या मॉसवर पडतो तो उजेड कडक, पांढरा, सावल्या कापणारा असतो. पानं खोडाला चिकटून वळलेली, रंग करडा-तपकिरी, गादी दगडावरच्या जुन्या खपलीसारखी. असा फोटो बघायला चांगला येत नाही, त्यात रंग नाही, थेंब नाही, आणि म्हणूनच तो कुणी काढत नाही. त्याच भिंतीची त्याच जागेवरून श्रावणात घेतलेली आणि वैशाखात घेतलेली चौकट शेजारी ठेवल्याशिवाय मॉस वर्ष कसं काढतं ते दिसणार नाही. खाली गाव, भिंतीचं तोंड कुणीकडे, वेळ आणि शेवटचा पाऊस कधी पडला एवढं लिहिलं की पुरे. कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर नाही लिहिला तरी चालेल.